खाड्याची वही

तीर्थपुरीच्या पेठेतील एका कापडदुकानात, गल्ल्याच्या उजव्या अंगाला, उदबत्तीच्या पुड्यांखाली दडपून ठेवलेली एक लांबट वही गेल्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या पाहण्यात आली, आणि ज्या विषयाचा शोध घेण्यासाठी मी त्या गावी गेलो होतो त्याचे बहुतेक सारे मर्म मला त्या वहीच्या एका पानावर सापडले. दुकान कोणते ते सांगण्याचे प्रयोजन नाही. पानाच्या डाव्या हाताला पाच नोकरांची नावे, वरती महिन्याच्या तारखा, आणि आडव्याउभ्या रेघांनी पाडलेल्या चौकटींत, माणूस हजर असेल तर एक टिंब आणि नसेल तर 'खा' हे अक्षर. 'खा' म्हणजे खाडा. पानाच्या शेवटी दोनच रकाने होते, एक उचलीचा आणि एक खाड्यांचा. महिनाअखेरीस दोन्हींची वजावाट होऊन उरेल तो पगार. सायंकाळी सातला घरी गेलेल्या माणसाचा दिवस आणि रात्री अकरा वाजता शटरखालून वाकून बाहेर पडलेल्या माणसाचा दिवस, दोन्ही त्या वहीत एकाच आकाराच्या टिंबाने दाखविलेले होते. तिसरा रकाना मी शोधला, तो नव्हता.

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले बाजाराचे गाव. समर्थ रामदासांचे जांब याच तालुक्यात, दक्षिणेच्या अंगाला गोदावरी, भोवती ऊस, कापूस आणि मोसंबीची शिवारे, आणि गावाच्या नावाशी जोडलेला सहकारी साखर कारखाना. अशा गावाच्या पेठेचे पंचांग शहरातल्या पेठेहून निराळे असते. कापसाची पहिली वेचणी घरात आली की दिवाळीचा बाजार फुलतो. दिवाळी सरता सरता ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि किराण्याची दुकाने पुन्हा गजबजतात. आणि चैत्र-वैशाखात लग्नसराई आली की एकेका लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी दोन्हीकडची तीस-चाळीस माणसे एकाच वेळी कापडदुकानात येऊन बसतात व दुपारचे जेवण तिथेच उरकतात. २०२५ च्या सप्टेंबरअखेर मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला आणि जायकवाडीच्या विसर्गाने गोदाकाठची जी दैना केली, तिच्यामुळे मात्र गेल्या दिवाळीचा हंगाम बुडतो की काय अशी धास्ती व्यापाऱ्यांनी घेतली होती. गिऱ्हाईक आले, पण हातात पैसा उशिरा आल्याने तेही उशिरा आले, आणि आले ते एकदम. १७ ऑक्टोबरची वसुबारस आणि २३ ची भाऊबीज यांच्या मधल्या आठवड्यात पेठेला श्वास घ्यायला उसंत नव्हती.

त्या आठवड्यातला दुकानातल्या नोकराचा एक दिवस मी जवळून पाहिला. सकाळी नऊला शटर वर जाते, झाडलोट होते, देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीला हार पडतो, आणि पहिली साडी गादीवर उलगडते. एक साडी घ्यायला आलेली बाई पंचवीस साड्या पाहते, हा तिचा अधिकार कोणी नाकारीत नाही. उलगडलेल्या साड्यांचा ढीग मात्र तसाच राहतो, कारण दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे असते. रात्री साडेदहाला शटर अर्धे खाली ओढले जाते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दुकान बंद झालेसे वाटते. खरे काम तेव्हा सुरू होते. मांडीएवढ्या उंचीचे ते साड्यांचे ढीग, पदर आत, काठ बाहेर, मूळच्या मोडीवर मोड पाडून पुन्हा घडीत बसवायचे, रंगांच्या क्रमाने कपाटात रचायचे, आणि ठाणांचे उरलेले कापड मापून चिठ्ठीवर टिपायचे. अकरा वाजतात, कधी साडेअकरा. मला विस्मय वाटला तो याचा, की दिवसभर किती तास काम केले असे विचारल्यावर त्या नोकराने दुकान उघडल्यापासून शटर अर्धे होईपर्यंतचा काळ मोजून सांगितला. घड्यांचा तासभर त्याच्या स्वतःच्याही हिशेबात नव्हता.

अशा माणसाला आपल्या भाषेत पूर्वी गुमास्ता म्हणत. फारशीतून आलेला हा शब्द. त्याचा मूळ अर्थ नेमलेला माणूस, मालकाच्या वतीने कारभार पाहणारा. दुकानांतील नोकरांच्या कामाचे तास, सुट्ट्या आणि रजा यांचे नियमन करणारा कायदा १९३९ साली मुंबई प्रांताने केला, आणि या जातीचा तो हिंदुस्थानातील पहिला कायदा होता. पुढे १९४८ साली त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. तीर्थपुरी त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने मुंबईचे कायदे इकडे लागू असण्याचा प्रश्नच नव्हता. हैदराबाद राज्याने आपला निराळा दुकाने-आस्थापना कायदा केला तो पोलीस कारवाईनंतर तीन वर्षांनी, १९५१ साली. आज साऱ्या महाराष्ट्राला २०१७ चा अधिनियम लागू आहे. परंतु लोकांच्या तोंडी या कायद्याचे नाव अजूनही 'गुमास्ता' असेच आहे, आणि गंमत अशी की पेठेत 'गुमास्ता काढला का?' असे कोणी विचारले तर त्याचा अर्थ नोकर नेमला का असा होत नाही. बँकेत चालू खाते उघडताना, कर्जाचे प्रकरण करताना मालकाला जो नोंदणीचा कागद दाखवावा लागतो त्या कागदाला गुमास्ता म्हणतात. नोकराच्या संरक्षणार्थ जन्मलेल्या कायद्याला नोकराचे नाव मिळाले आणि त्या नावाचा कागद मालकाच्या भिंतीवर चौकटीत जाऊन बसला. ज्याचे नाव त्या कागदाला आहे तो त्याच्याच खाली उभा राहून साड्यांच्या घड्या घालीत असतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. २०१७ च्या अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या कामाची मर्यादा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ठरविली. त्यापलीकडे काम घेतल्यास जादा वेळेचा मोबदला दुप्पट दराने द्यावा, आणि असे जादा तास तीन महिन्यांत १२५ हून अधिक नसावेत, असे बंधन घातले. विश्रांतीसह एकंदर कामाचा विस्तार साधारणपणे साडेदहा तासांच्या आत राहिला पाहिजे असे ठरविले, म्हणजे नऊ ते अकरा हा आमच्या दुकानाचा दिवस, दुप्पट पैसे मोजले तरी कायद्यात बसत नाही. सणांच्या संबंधाने तर तरतूद अगदी स्पष्ट आहे. वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या. त्यांपैकी चार शासनाने नेमून दिलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्षारंभी आपसांत ठरवावयाच्या. यांपैकी कोणत्याही दिवशी कामावर ठेवून घेतले तर दुप्पट वेतन आणि शिवाय बदली रजा. दिवाळी पहिल्या चारांत नाही. ती दुसऱ्या चारांत घालून घ्यावी लागते, आणि घालून घेणे म्हणजे नोकराने मालकासमोर बसून बोलणी करणे. वर्षारंभी अशी बैठक झाल्याचे मला त्या पेठेत कोणी सांगितले नाही. १ मे हा कामगार दिन, पण तो नेमका लग्नसराईत येतो. त्या दिवशी सकाळी शाळेत महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन होते आणि दहा वाजता बस्त्याची पहिली जीप दुकानापुढे थांबते.

आणि तरीही वर सांगितलेला कायदा आमच्या पाच टिंबांच्या वहीला लागूच होत नाही. २०१७ च्या अधिनियमाचा अंमल मुळात दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. त्याहून लहान दुकानाने व्यवसाय सुरू केल्याची सूचना दिली, पोच घेतली, की त्याचे कर्तव्य संपले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने जे बदल मंजूर केले त्यांत हा दहाचा आकडा वीसवर नेण्याचे, नऊ तासांचा दिवस दहा तासांचा करण्याचे आणि तिमाहीतील जादा तासांची मर्यादा १२५ वरून १४४ वर नेण्याचे ठरले. व्यापार सुलभ व्हावा हा त्यामागचा हेतू, आणि तो हेतू गैर आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांत वीस नोकर असलेली दुकाने शोधावी लागतील, हेही तितकेच खरे.

मग लहान दुकानातला माणूस अगदीच उघड्यावर आहे काय? तसेही नाही, आणि या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट मला हीच वाटते. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाला माणसांची संख्या विचारण्याची सवय नव्हती. एक नोकर असो की शंभर, अनुसूचित रोजगार असला की कायदा लागू. आणि दुकाने हा महाराष्ट्रात अनुसूचित रोजगार होता. त्या कायद्याचे १४ वे कलम जादा वेळेच्या मोबदल्याचे, आणि किमान वेतनाचा दर तासावर, दिवसावर वा महिन्यावर ठरविता येतो हेही त्यातच लिहिलेले. जादा वेळेचे 'दुप्पट' म्हणजे कशाच्या दुप्पट, शासनाने ठरविलेल्या किमान दराच्या की प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगाराच्या, हा वाद नागपूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १९७२ साली निकाल मिळविला की दुप्पट ती प्रत्यक्ष पगाराची. पुढे १९९८ साली मध्य प्रदेशातील हट्टा नगरपरिषदेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही म्हटले की या कलमाचा लाभ किमान दराने वेतन घेणाऱ्यांनाच आहे. वकिलांना हा विषय गोड लागण्याचे कारण यावरून ध्यानी यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा अधिनियम वेतन संहितेत विलीन झाला आहे. जादा कामाचा दुप्पट दर संहितेने कायम ठेवला, आणि दाव्याची मुदत, जी पूर्वी सहा महिन्यांची होती, ती तीन वर्षांची केली. म्हणजे गेल्या दिवाळीच्या घड्यांचा हिशेब आणखी दोन दिवाळ्या उलटेपर्यंत मागण्याची सोय आता झालेली आहे.

पण मागायचा कशाच्या आधारावर? दावा करावयाचा तर पुरावा हवा, पुरावा म्हणजे हजेरीपट, आणि हजेरीपटाच्या नावाने जे आहे ते म्हणजे ती उदबत्तीखालची वही. तिच्यात न आलेला दिवस सापडतो, जादा थांबलेला तास सापडत नाही.

गिरणीची गोष्ट निराळी होती. गिरणीला भोंगा होता. भोंगा साऱ्या परळ-लालबागला ऐकू जाई, आणि म्हणून तास ही वस्तू मालकाच्या खिशातून निघून सार्वजनिक झाली होती. तिच्यावरून भांडता येत होते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणीकामगारांच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारच्या सुट्टीचा निर्णय पदरात पाडून घेतला, तेव्हा त्यांच्यामागे हजारो माणसे एका भोंग्यावर आत जाणारी आणि एका भोंग्यावर बाहेर येणारी होती. दुकानातल्या नोकराला आठवड्याची सुट्टी देणारा केंद्राचा कायदा यायला १९४२ साल उजाडले. पेठेला भोंगा नव्हता, आजही नाही. आमच्या भागात इतरांचे श्रम मोजायला काही ना काही माप आहे: ऊसतोड्याला टन, कापूस वेचणारीला किलो, मोंढ्यातल्या हमालाला पोते, आणि त्या हमालासाठी १९६९ पासून माथाडीचा कायदा व मंडळेही आहेत. दुकानातल्या माणसाला माप नाही. त्याला महिना आहे.

आणि त्याला दिवाळीची पोस्त आहे. पोस्त हा शब्द शहरात मागे पडत चालला असला तरी तीर्थपुरीसारख्या गावात अजून खणखणीत चालतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चोपड्यांची पूजा झाली, बत्तासे-लाह्या वाटल्या, की मालक एकेका नोकराला नावाने हाक मारतो. पाकिटात काही रक्कम, एक शर्टाचे कापड, घरच्या लक्ष्मीला साडी, मिठाईचा पुडा. नोकर वाकून नमस्कार करतो. हा सोहळा मी पाहिला आणि त्यातला ओलावा खोटा होता असे मी मुळीच म्हणणार नाही. शेठजींनी एकाच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली, दुसऱ्याच्या आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी उचल देण्याचे कबूल केले. तरीपण हिशेब तो हिशेब. आकडेमोडीला सोपा म्हणून महिना दहा हजारांचा पगार धरू. आठवड्याला ४८ तास म्हणजे महिन्याच्या सव्वीस दिवसांचे २०८ तास. तासाला सुमारे ४८ रुपये. दुप्पट केले तर ९६. सकाळी नऊ ते रात्री अकरा यांतून जेवणाचा एक तास वजा केला तर तेरा तास, म्हणजे नऊ तासांपलीकडे रोज चार तास जादा. दिवाळीच्या हंगामाचे दहा दिवस धरले तर चाळीस तास. त्यांचे होतात ३,८४६ रुपये. पाकिटात यापेक्षा कमी असेल किंवा एखाद्या उदार दुकानात अधिकही असेल. परंतु अधिक असले तरी ते नमस्कार करून घ्यावे लागते आणि कमी असले तर विचारता येत नाही. (बोनसच्या कायद्याची आठवण कोणी करून देईल म्हणून सांगून ठेवतो: १९६५ च्या कायद्याचा किमान सव्वाआठ टक्क्यांच्या वरचा, नेमका ८.३३ टक्क्यांचा बोनस वीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनेतच अनिवार्य होता. पाच टिंबांची वही इथेही बाहेर.)

शेठजींची कैफियत ऐकून न घेणे अन्यायाचे होईल. ते स्वतः त्याच नऊ ते अकराच्या गादीवर बसलेले. मधुमेहाची गोळी गल्ल्यातच ठेवलेली. शेतकऱ्याला दिलेली उधारी सुगीवर येते आणि सुगी पाण्यात गेली तर पुढच्या सुगीवर जाते. घाऊक व्यापाऱ्याची हुंडी मात्र पावसाकडे पाहत नाही. मोबाइलवर तीच साडी शंभर रुपयांनी स्वस्त दाखवून मुली भाव पाडून मागतात. शिवाय आषाढ-श्रावणात दुकानात माशा मारीत बसायचे दिवस येतात तेव्हा नोकर दुपारी घरी जाऊन येतो, त्याचे पैसे आम्ही कापतो का, असा त्यांचा सवाल. सवाल बिनतोड वाटला. पण परतताना माझ्या मनात आले की त्या दुपारच्या सवलतीचीही नोंद वहीत नाही. दोन्हीकडची देणी जर नोंदविली असती तर कोणाकडे किती निघते याची रुजवात घालता आली असती. सारी मेहेरबानी तोंडी ठेवण्याचा शिरस्ता आहे, आणि तोंडी हिशेबात ज्याचा आवाज मोठा त्याची बाकी नेहमी येणे निघते. 'हा आमचा घरचाच माणूस' हे वाक्य मी त्या आठवड्यात पुष्कळदा ऐकले. घरच्या माणसाला जादा वेळ नसतो, हे खरे. पण घरच्या माणसाच्या नावावर खाडाही मांडीत नाहीत.

त्याच पेठेतल्या एका तरुणाने दीड वर्ष पुण्याच्या एका मॉलमध्ये काढले होते आणि वडिलांच्या आजारपणामुळे तो गावी परतून एका भांड्यांच्या दुकानात लागला होता. मॉलमध्ये येता-जाता यंत्रावर अंगठा लावायचा. जादा थांबले की 'ओटी' पडायची. आपल्या भाषेत ओटी भरतात ती सुवासिनीची, आणि ही दुसरी ओटी म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांचा जोड. पण 'दिवाळीत माझी ओटी भरली' असे तो सहज म्हणून गेला तेव्हा दोन्ही ओट्या क्षणभर एक झाल्या. मॉलचे गुणगान करण्याचा त्याचा हेतू नव्हता. तिथे उभे राहून पाय सुजत, खोलीभाड्यात पगार जाई, आणि ठेकेदार बदलला की जुनी ओटी बुडे. केरळात कापडदुकानांतील बायकांनी दिवसभर उभे राहण्याविरुद्ध आवाज उठविला आणि २०१८ साली तेथील कायद्यात दुकानातील नोकराला बसण्याची सोय देणारी दुरुस्ती झाली, तमिळनाडूने २०२१ साली तिचे अनुकरण केले, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसला. बसायला कायदा लागतो हे त्याला नवीन होते. तीर्थपुरीत निदान गादी आहे, असे तो म्हणाला, आणि मग थोडे थांबून त्यानेच सांगितले की ज्या दुकानांनी नवे फर्निचर केले तिथे गादी गेली आणि काउंटर आले.

पश्चिमेकडे सारे आलबेल आहे असा समज करून घेऊ नये. अमेरिकेचा १९३८ चा कायदा आठवड्याला चाळीस तासांपलीकडे दीडपट देववितो, परंतु सणाच्या दिवशी काम केल्याबद्दल अधिक द्यावे असे तो सांगत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात दुकानी नोकरांना रविवारी आणि काही सणांना दीडपट मिळत असे. २०१८ साली किमान वेतन पंधरा डॉलरपर्यंत नेण्याच्या सौद्यात ती वाढ पायरीपायरीने कमी करण्याचे ठरले, आणि २०२३ च्या १ जानेवारीला ती शून्य झाली. तिथे काय गेले हे आकड्यात सांगता येते, एवढाच फरक.

दुकानात एक नोकर बाईही होती. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीवाचून आणि संरक्षणाच्या तजविजीवाचून कामावर ठेवता येत नाही. लहान दुकानाला तेही बंधन नाही. ती शेजारच्या गावची. शेवटची एसटी निघून गेलेली असे, म्हणून तिचा धाकटा भाऊ रोज रात्री मोटरसायकल घेऊन येई आणि शटरबाहेर, बंद पानटपरीच्या फळीवर बसून राही. कधी अर्धा तास, कधी तास. त्या तासाचे तर नावच निघायला नको.

२१ ला लक्ष्मीपूजन झाले, २२ ला पाडव्याच्या मुहूर्तावर नवी वही आली. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, वर 'श्री', खाली 'शुभ लाभ', आणि दुसऱ्या पानापासून त्याच आडव्याउभ्या रेघा, ती पाच नावे, शेवटी उचल आणि खाडे. २३ ला भाऊबीज असूनही सायंकाळपर्यंत दुकान उघडे होते, कारण माहेरी आलेल्या लेकींची खरेदी त्याच दिवशी निघते. २४ तारखेला मी निघण्यापूर्वी निरोप घ्यायला गेलो तेव्हा दुकानात शुकशुकाट होता. शेठजी नव्या वहीत कालच्या-आजच्या चौकटी भरीत होते. घड्या घालणारा तो माणूस आला नव्हता. दहा दिवसांनी अंग धरले, अंथरुणातून उठवेना, असा निरोप त्याच्या पोराने सकाळी आणून दिला होता. शेठजींनी कळवळून चौकशी केली, डॉक्टरला दाखवा म्हणून पोराला बजावले, दिवाळीच्या फराळाची एक पिशवी त्याच्या हाती दिली, आणि मग पेन उचलून २४ च्या चौकटीत, नव्या वहीतला पहिला 'खा' लिहिला.